पदक सकाळीच मिळालं होतं

"हरलीस ना गं तू? मग पदक कसं?"

आईचा फोनवरचा पहिला प्रश्न हा होता. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने घरी बसून माझी सेमीफायनल थेट प्रक्षेपणात पाहिली होती. मी दोन्ही राउंड हरले, वाकून नमस्कार करून मॅटवरून उतरले, हे तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. आणि दोन तासांनी गळ्यात कांस्यपदक घातलेला माझा फोटो तिच्या मोबाइलवर. त्यानंतर हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं. पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघालेल्या एखाद्या मुलीलाही त्याचा उपयोग होईल.

उत्तर सोपं आहे. तायक्वांदोत सेमीफायनल हरणाऱ्या दोघींनाही कांस्य मिळतं, तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी बाऊट, म्हणजे लढत, होत नाही. ऑलिंपिकमध्ये मात्र रेपेशाज, म्हणजे हरलेल्यांना दुसरी संधी, असतं, तिथे कांस्यासाठी पुन्हा लढावं लागतं आणि शेवटी दोन कांस्यं दिली जातात. बाकी जवळजवळ सगळीकडे सेमीफायनल गाठली की पदक पक्कं. म्हणजे पदकाची खरी बाऊट क्वार्टरफायनल. माझी ती बाऊट दुपारी बाराच्या आत मॅट क्रमांक 3 वर झाली. प्रक्षेपण फक्त मॅट 1 चं होतं.

आता पहिल्यापासून सांगते.

मी 49 किलोखालच्या गटात खेळते. एरवी माझं वजन 51च्या आसपास असतं. वजन बाऊटच्या आदल्या दिवशी होतं. काट्यावर 49.00 चालतं, 49.01 चालत नाही. खोलीबाहेर एक चाचणीचा काटा ठेवलेला असतो, त्यावर कितीही वेळा चढा. खऱ्या काट्यावर मात्र पहिल्यांदा वजन जास्त भरलं तर ठरलेल्या वेळेत आणखी एकदाच संधी मिळते. मी चाचणीच्या काट्यावर चढले तेव्हा 49.20 दिसलं. अंगात दोन जॅकेट घालून मागच्या जिन्यावर चाळीस मिनिटं चढउतार केली. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की जीभ टाळ्याला चिकटत होती. मग आत गेले, कपडे उतरवले, काट्यावर उभी राहिले. 48.90. अधिकारी बाईंनी आकडा लिहिला, माझी सही घेतली, आणि मी दारातच पाण्याची बाटली तोंडाला लावली.

याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वाढत्या वयातल्या मुलामुलींनी असं वजन तोडू नये. त्यांनी वरच्या गटात खेळावं, दोन बाऊट हराव्यात, पण जेवावं. मी बावीस वर्षांची आहे, आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने महिनाभर आधीपासून वजन उतरवत आणलं होतं, तरीही शेवटची ती चाळीस मिनिटं अंगावर आली. चौदा वर्षांच्या मुली तसंच जॅकेट घालून जिन्यावर पळताना मी पाहिल्यात. ते मला बघवत नाही.

वजन झालं म्हणजे सुटलो असं नाही. बाऊटच्या दिवशी सकाळी अचानक वजन घेतात. सगळ्यांचं नाही, चिठ्ठी काढल्यासारखी काही नावं निघतात. तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांपर्यंत जास्त वजन चालतं, म्हणजे आमच्या गटात 51.45. त्यापुढे भरलं तर स्पर्धेतून बाद. रात्री दोन किलो पाणी पिणाऱ्या मुलींना आळा बसावा म्हणून हा नियम आहे आणि तो चांगला आहे. माझं नाव निघालं. सकाळी साडेसहाला 50.70 भरलं. सरांनी, म्हणजे माझ्या कोचनी, आदल्या संध्याकाळपासून प्रत्येक घोट मोजून दिला होता, त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

ड्रॉमध्ये आमच्या गटात 19 जणी होत्या. 19 जणी म्हटल्यावर ड्रॉ 32चा पडतो आणि 13 जणींना पहिल्या फेरीत बाय मिळतो, म्हणजे न लढताच त्या पुढच्या फेरीत जातात. मला मिळाला. त्यामुळे मला पदकासाठी दोनच बाऊट जिंकायच्या होत्या. हे मी मुद्दाम लिहितेय. पदकाचा फोटो पाहणाऱ्याला किती जणी होत्या, कुणाशी लढलीस, हे दिसत नाही. ज्या मुलींना बाय मिळाला नाही त्यांना त्याच पदकासाठी एक बाऊट जास्त खेळावी लागली.

बाऊटच्या अर्धा तास आधीपासून नाव पुकारायला लागतात, तीन वेळा. मग तपासणीचं टेबल. तिथे नखं पाहतात, अंगावर काही धातूचं नाही ना पाहतात, डोबोक, म्हणजे खेळाचा पोशाख, पाहतात, माउथगार्ड पांढरा किंवा पारदर्शकच आहे ना ते पाहतात. आमच्यातल्या एका मुलाचा माउथगार्ड निळा होता, त्याला पळत जाऊन दुसरा आणावा लागला. चेस्ट गार्ड आणि हेडगार्ड आयोजक देतात. त्यांत सेन्सर असतात. पायातले मोजे मात्र बहुतेक ठिकाणी आपले आपण न्यायचे. किक नुसती लागून भागत नाही. मोज्यातले सेन्सर गार्डजवळ यायला हवेत आणि धक्काही त्या वजनगटासाठी ठरवलेल्या पातळीइतका हवा, तेव्हाच यंत्र गुण देतं. डेडो आणि केपीअँडपी अशा दोन यंत्रणा मोठ्या स्पर्धांत चालतात आणि एकीचे मोजे दुसरीला चालत नाहीत. कुठली यंत्रणा आहे ते स्पर्धेच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, ते आधी वाचायचं.

माझा डावा मोजा तपासणीत बोललाच नाही. दोनदा पाय आपटला, तिसऱ्यांदा आपटला, पडद्यावर काही उमटेना. दीड वर्ष रोज वापरून मी तो झिजवला होता. सरांनी काही न बोलता बॅगेतून दुसरी जोडी काढून दिली. ती जोडी नसती तर माझा डावा पाय दिवसभर मुका राहिला असता, आणि माझी बॅक किक डाव्या पायाची आहे.

पहिली बाऊट लवकर संपली. पहिला राउंड 9-2. दुसऱ्यात बारा गुणांचा फरक पडला आणि रेफरीने राउंड तिथेच थांबवला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. समोरची मुलगी सतरा वर्षांची होती, पहिल्यांदाच बाहेर खेळत होती, घाबरली होती. बाऊटनंतर तिने सरांना वाकून नमस्कार केला तेव्हा तिचे हात थरथरत होते.

मग क्वार्टरफायनल.

पूर्वी तीन राउंडचे गुण एकत्र धरायचे. 2022 पासून तीनपैकी दोन राउंड जिंकणारी विजेती ठरते. प्रत्येक राउंड दोन मिनिटांचा, मध्ये एक मिनिट विश्रांती. यामुळे खेळ बदलला. पहिल्या राउंडमध्ये दहा गुणांनी मार खाल्ला तरी दुसऱ्यात पाटी कोरी होते. मला हा नियम मनापासून आवडतो, कारण त्या दिवशी माझी पाटी एकदा कोरी झाली नसती तर हे लिहायला मी बसलेच नसते.

मी निळी होते, म्हणजे चुंग. ती लाल, होंग. माझ्याहून चार बोटं उंच आणि पुढचा पाय सतत हवेत. ती तो पाय खाली टेकवायचीच नाही, त्यानेच माझी प्रत्येक चाल अडवायची आणि त्यानेच गुण घ्यायची. पहिला राउंड 3-7 गेला. खुर्चीजवळ आले तर सर म्हणाले, "तिच्या पायाकडे बघू नकोस. तिच्या कमरेकडे बघ. कमर वळली की आत शीर." दुसऱ्या राउंडमध्ये मी तेच केलं. जवळ गेले, अगदी छातीला छाती लागेपर्यंत, आणि तिथून आखूड किक मारल्या. उंच मुलीला जवळून मारायला जागा मिळत नाही. 8-5.

तिसरा राउंड मी आजही सेकंदासेकंदाने सांगू शकते. सुरुवातीलाच तिची किक माझ्या पोटावर बसली, 0-2. मग मी पडले. पडलं की गामजोम, म्हणजे समोरच्याला एक गुण, 0-3. माझी दोल्यो चागी, म्हणजे बाजूने मारलेली किक, बसली, 2-3. तिची पुन्हा बसली, 2-5. एकच मिनिट उरलं होतं. ती आता मागे सरकत खेळू लागली आणि मी तिच्या मागे धावू लागले. सर खुर्चीतून ओरडले, "धावू नको! तिला येऊ दे!" मी थांबले. दोन सेकंद, फार तर तीन. तिला वाटलं मी दमले. ती आत आली, कमर वळली, आणि मी पाठ फिरवून डाव्या पायाने बॅक किक मारली. टाच तिच्या चेस्ट गार्डच्या मधोमध बसली. आवाज असा आला की मला यंत्राकडे पाहायची गरजच वाटली नाही.

पण पाटीवर 4-5 दिसत होतं.

वळून मारलेल्या अंगावरच्या किकला चार गुण असतात. यंत्र मात्र फक्त किक ओळखतं आणि दोन देतं. वळल्याचे वरचे दोन गुण कोपऱ्यांत बसलेले जज हाताने बटण दाबून देतात. तिथे ते दाबलं गेलं नव्हतं. ती अंगावर आली होती, आम्ही दोघी एकमेकींत अडकलो होतो, दोघा जजना कदाचित माझी पाठच दिसली असेल. मी त्यांना दोष देत नाही. पण मला कळत होतं की तिथे दोन गुण राहिलेत आणि वीस सेकंद उरलीत.

सरांनी कार्ड वर केलं.

प्रत्येक कोचला एक कार्ड मिळतं. ते वर केलं की रेफरी वेळ थांबवतो आणि व्हिडिओ तपासला जातो. अपील मान्य झालं तर कार्ड परत मिळतं. फेटाळलं तर कार्ड गेलं, मग पुढे डोळ्यांदेखत अन्याय झाला तरी हात बांधलेले. म्हणून कोच ते जपून ठेवतात. सरांनी दोन राउंड ते मांडीखाली दाबून ठेवलं होतं. मॅटवर मी आणि ती समोरासमोर उभ्या होतो. ती वर लटकलेल्या पडद्याकडे पाहत होती, मी खाली मॅटकडे. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती आणि ती सुटत आली होती. ती पट्टी मला आज तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवते.

अपील मान्य झालं. 6-5.

रेफरी म्हणाला "केसोक", म्हणजे पुढे चालू. तिने मला ढकलत कडेला नेलं आणि माझा पाय रेषेबाहेर गेला. गामजोम. 6-6. चार सेकंद. आम्ही दोघींनी एकदमच पाय उचलले, कुणाचंच लागलं नाही, आणि राउंड संपला.

मला वाटलं, आता आणखी एक राउंड होईल. पूर्वी बरोबरी झाली की गोल्डन राउंड असायचा, तो डोक्यात होता. नव्या पद्धतीत राउंड बरोबरीत सुटला तर आधी एकच पाहतात: वळून मारलेल्या किकचे गुण कुणाचे जास्त. माझे चार. तिचे शून्य. रेफरीने माझ्या बाजूचा हात वर केला, "चुंग सुंग", म्हणजे निळी जिंकली, असं म्हणाला, आणि तरीही मला कळलं नाही. मी सरांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसूनच होते आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

त्या क्षणी पदक मिळालं. आजूबाजूला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या बाऊटच्या मुली मॅटच्या कडेला येऊन उभ्या होत्या, त्यांना वाट करून द्यायची होती.

सेमीफायनलबद्दल थोडक्यात. तिथली समोरची मुलगी माझ्याहून चांगली खेळली. पहिला राउंड तिने 9-2 असा सहज घेतला. दुसऱ्यात 4-4 असताना, शेवटच्या काही सेकंदांत तिने माझ्या छातीवर सरळ ठोसा मारला. ठोशाला एकच गुण असतो आणि तो जज देतात, यंत्र नाही. तिला तो मिळाला आणि मिळायलाच हवा होता, कारण माझा श्वास त्याने अडकला होता. 4-5. पुढे तिनेच सुवर्ण जिंकलं.

मॅटवरून उतरले, हेडगार्ड काढला, आणि रडायला तोंड लपवणार तोच एक स्वयंसेविका समोर येऊन उभी राहिली. हातात कागद. डोपिंग चाचणीसाठी माझी निवड झाली होती. या बायकांना शॅपरोन म्हणतात. एकदा तिने सही घेतली की नमुना देईपर्यंत ती तुम्हाला नजरेआड होऊ देत नाही. कपडे बदलताना, पाणी पिताना, सरांशी बोलताना, सगळीकडे दोन पावलांवर. मला तेव्हा तिचा राग आला. पण थोड्या वेळाने तिनेच माझ्या हातात टिश्यू ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं.

पदकसमारंभाला जायची परवानगी असते, तीही बरोबर आली आणि मंचाच्या पायऱ्यांशी उभी राहिली. मंचावर आम्ही चौघी. दुसरी कांस्यवाली माझ्या शेजारी, घोट्याला बर्फाची पिशवी बांधलेली, एका पायावर भार देऊन. रौप्य मिळालेली मुलगी पूर्ण वेळ खाली पाहत होती. तिची फायनल संपून पंधरा मिनिटंही झाली नव्हती, डोळे कोरडे व्हायला वेळच मिळाला नव्हता. आम्हा चौघींत दिवसाची शेवटची बाऊट जिंकून आलेली एकटी सुवर्णवाली. फोटोग्राफर हसा म्हणाला आणि आम्ही हसलो. आईला मिळालेला फोटो तोच.

त्या स्पर्धेत सुवर्णाला 10, रौप्याला 6 आणि कांस्याला 3.6 असे जागतिक क्रमवारीचे गुण होते. 3.6 हा आकडा लहान दिसतो, पण जिचं खातं शून्यावर होतं तिला तो लहान नाही.

खरा कस मात्र डोपिंगच्या खोलीत लागला. कमीत कमी 90 मिलीलिटर लघवी द्यावी लागते. आदल्या दिवशी अंगातलं पाणी काढलेलं, दिवसभर घाम गाळलेला. दीड तासाने कशीबशी 40 झाली. तीही वाया जात नाही, अपुरा नमुना म्हणून सीलबंद करून बाजूला ठेवतात. पण बाहेर येऊन पुन्हा बसायचं. सीलबंद बाटलीतलंच पाणी प्यायचं, बाटली स्वतः निवडायची, झाकण स्वतः उघडायचं. नमुना देताना अधिकारी बाई समोर उभ्या राहून पाहतात. पहिल्या वेळी लाज वाटते. आधी कुणी सांगितलेलं असेल तर जरा कमी वाटते, म्हणून सांगतेय.

सुवर्णवाली तिथेच होती, तिचेही हाल तसेच. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने मोबाइल पुढे केला. त्यावर पानिपाक वोंगपट्टनकिटचा फोटो होता. आमच्याच गटातली थायलंडची खेळाडू. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्य, टोकियोत सुवर्ण, पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण. टोकियोची फायनल तिने शेवटच्या काही सेकंदांत 11-10 अशी जिंकली होती. मी "टोकियो" म्हणाले, तिने बोटांनी अकरा आणि दहा दाखवले, आणि आम्ही दोघी बसल्या जागी ती शेवटची किक हाताने मारून दाखवू लागलो. मग तिने माझ्या पदकावर बोट ठेवलं आणि पुन्हा मोबाइलकडे दाखवलं. रिओ, म्हणाली. मी मान हलवली.

नमुना पूर्ण झाल्यावर तो ए आणि बी अशा दोन बाटल्यांत स्वतः ओतायचा, झाकणं स्वतः फिरवायची, क्रमांक मोठ्याने वाचून कागदाशी ताडून पाहायचे, गेल्या सात दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी लिहून द्यायची. मी तापाची एक गोळी लिहिली. बाहेर पडले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. हॉलमध्ये माणसं मॅटचे तुकडे एकेक उचलून रचत होती. मॅट 3 होती तिथे नुसती फरशी दिसत होती.

आईचा फोन आला होता तो मी डोपिंगच्या खोलीत बसले असतानाच. तिथे मी तिला नीट समजावू शकले नाही. नंतर कळलं की संघातल्या एका मुलीने क्वार्टरफायनलचा शेवट मोबाइलवर टिपलाय. पन्नास सेकंद, तेही हललेले, मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं आलेलं. बसमध्ये बसल्यावर मी तो आईला पाठवला आणि खाली लिहिलं, ही पदकाची बाऊट.

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग तिचा फोन आला.

"अगं, मी सात वेळा पाहिला," ती म्हणाली. "ते सरांनी हात वर केला ना, हातात काय होतं त्यांच्या?"

"कार्ड."

"कुठल्या रंगाचं? नीट दिसत नाही."

"निळं," मी म्हटलं. "मी निळी होते ना."

"थांब," ती म्हणाली, "परत बघते."